हौसाकाकी आमच्या रक्ताची नव्हती

"आधी तोंडावर घाल," असं जानबा देवरुषी म्हणाला होता. "दात पडलं की मंतर जातो."

हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं, की माझा भाऊ हिंदुराव परसातल्या खोलीतून हौसाकाकीला केसांना धरून फरफटत बाहेर आणतोय, आणि त्याच्या दुसऱ्या हातात खोऱ्याचा दांडा आहे.

आप्पाचं बारावं नुकतंच उरकलं होतं. आप्पा म्हणजे आमचा थोरला भाऊ, सर्जेराव. पंगती उठल्या होत्या, पाहुणे मिळेल त्या जीपनं निघून गेले होते आणि मी परसात खरकट्या पातेल्यांच्या ढिगापुढं बसले होते. ऊन असं, की पातेल्यांकडं बघवत नव्हतं. काकीचा पाय उंबऱ्याला अडकला, तसा हिंदुरावानं हिसडा दिला आणि ती माझ्यापासून चार हातांवर तोंडघशी पडली. तिच्या हातात आप्पाची गोधडी होती. ती धुवायला काढत असणार. पडली तरी गोधडी सुटली नव्हती.

"दादा, आरं काय करतोयस?" मी ओरडले.

"तू मदी पडू नगंस, माला! चार मानसं खाल्ली हिनं. आज हिच्याकडनं काढूनच घेतो."

"काय काढून घेतोस?"

"घातलंय ते!" आणि त्यानं पहिला दांडा घातला.

तो तिच्या तोंडावर बसला. सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. काकी ओरडली नाही. तिनं तोंडावर हात धरला, तर दुसरा घाव त्या हातावर आला आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं. मग मात्र ती ओरडली.

"हिंदू! लेकरा! म्या काय केलंय रं?"

"हा आज्जाचा!" हिंदुराव म्हणाला. दांडा वर गेला आणि खाली आला. "हा आण्णांचा! हा तात्याचा! तुझा नवरा हुता की गं तो, त्यालाबी सोडलं न्हाईस! आन् हा आप्पाचा!"

एकेका मेलेल्या माणसाच्या नावानं एकेक घाव.

आज्जा म्हणजे आमचे आजोबा. आण्णा आमचे वडील. तात्या त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकीचा नवरा. आणि आता आप्पा. आमचं घर पैलवानाचं. नांदरगीत आमच्या घराला अजूनही 'तालमीचं घर' म्हणतात. आज्जानं सांगलीच्या मैदानात नाव काढलं होतं, आण्णा आणि तात्याही लाल मातीतले. या घरात कुणी विडी ओढली नाही, दारूचा थेंब आणला नाही. दूध, खारीक, जोर आणि बैठका. आणि ही एवढाल्या छातीची माणसं पन्नाशीच्या अलीकडंपलीकडं खोकायला लागायची, वाळून कोळ व्हायची आणि मरायची. आज्जाला दमा झाला असं म्हणाले. आण्णांना क्षयाच्या गोळ्या चालू होत्या, काही उपयोग झाला नाही. तात्या डॉक्टरकडं गेलाच नाही. आप्पाला मोठ्या दवाखान्यात नेला, तिथं छातीतला तुकडा काढून तपासायचा म्हणाले. 'तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो' असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं आणि तो तिथून रातोरात पळून आला. काय झालंय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

विडी नाही, दारू नाही, मग छाती कशी सडते? गाव हेच विचारायचं. आणि गावाला उत्तरही दिसत होतं. या प्रत्येकाच्या उशाशी शेवटी एकच माणूस होतं. थुंकीचं भांडं तीच धुवायची, पाठीला तेल तीच चोळायची, तोंडात शेवटचं पाणी तीच घालायची. आमची आई माझ्या जन्माच्या वेळी गेली. मला, हिंदुरावाला आणि आप्पाला काकीनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. जानबानं सुपात तांदूळ टाकून विचारलं म्हणे, "चौघांनाबी शेवटचं पानी कुनी पाजलं?" झालं. आणखी काही सांगायची त्याला गरजच नव्हती.

पुन्हा दांडा वर गेला तेव्हा परसाच्या भिंतीपाशी भावकीतले पाच-सहा पुरुष उभे होते. कुणी पुढं येत नव्हतं. हिंदुरावाची बायको, शालनवहिनी, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं डोळे मिटले होते.

"म्हातारी मरंल रं! धरा की त्याला कुणीतरी!" मी भिंतीकडं बघून ओरडले.

"घरातलं घरात हाय, ताई," भावकीतला एकजण म्हणाला.

घाव तिच्या डोळ्यावर बसला. या वेळी आवाज वेगळा आला, ओला.

मुसळ माझ्या शेजारीच भिंतीला टेकून होतं. टोकाला लोखंडी कडं बसवलेलं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. मी ते उचललं आणि हिंदुरावाच्या उजव्या बरगडीत आडवं घातलं. जीव खाऊन घातलं. तो माझा सख्खा भाऊ आहे, त्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय, असलं त्या वेळी काही मनात आलं नाही. त्याच्या हातातला दांडा थांबला पाहिजे, एवढंच होतं.

तो गुडघ्यावर आला. दांडा सुटला. क्षणभर तो माझ्याकडं बघत राहिला, जणू मी कोण हेच त्याला कळत नव्हतं. मग उठला. पैलवानाचं अंग ते. एका हातानं त्यानं माझा गळा धरला आणि मला भिंतीवर आपटलं. डोकं दगडावर आदळलं. डोळ्यांपुढं पिवळं झालं. त्याचा अंगठा माझ्या घाटीवर रुतत होता. मी त्याचं मनगट ओरबाडलं तरी पकड ढिली होईना.

"तुलाबी खाल्लंय हिनं," तो दात आवळून म्हणाला. "तुझ्यातबी हीच घुसलीय!"

आणि तो खोकला.

एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि तिसऱ्यांदा त्याच्या तोंडातून रक्त आलं ते थेट माझ्या तोंडावर, चोळीवर. गरम होतं. त्याचा हात गळ्यावरून गळाला. तो दोन पावलं मागं सरकला, त्यानं तळहातानं ओठ पुसले आणि तळहाताकडं बघितलं.

माझ्या घावानंच त्याच्या आत काहीतरी फुटलं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण हिंदुराव आपल्या हातावरच्या रक्ताकडं असा बघत होता, की जसं ओळखीचं काही बघतोय. तो दचकला नाही. ही गोष्ट मला त्या वेळी खटकली नाही. खटकण्याइतकं भान कुणाला होतं?

शालनवहिनी किंचाळत आली. भावकीला आता हातपाय फुटले. दोघांनी हिंदुरावाला धरलं, एकजण जीप आणायला पळाला. काकीकडं कुणी बघेना. ती गोधडीवरच आडवी पडली होती, चेहऱ्याची एक बाजू ओळखू येत नव्हती, पण श्वास चालू होता.

जीप आली. हिंदुरावाला पुढं बसवला. मी काकीला उचलायला लागले तर एकजण म्हणाला, "तिला न्हाई न्यायचं. ती आन् हिंदुराव एका गाडीत? शुद्ध हाय का तुला?"

मग मी जीपच्या पुढच्या चाकासमोर जमिनीवर बसले.

"घाला गाडी माझ्यावर," मी म्हणाले. "तिला ठिवून गाडी जानार असंल तर माझ्यावरनंच जाऊ दे."

ड्रायव्हर गावातलाच होता. त्यानं इंजिन बंद केलं. मग शिव्या पोटभर ऐकल्या मी. हिंदुराव पुढच्या सीटवर बरगडी दाबून बसला होता, त्याचा श्वास करवतीसारखा वाजत होता. शेवटी तोच म्हणाला, "घ्या तिला. मला आदी दवाखान्यात न्या."

अशी ती दोघं एकाच जीपमधून मिरजेला गेली. मी मागं बसले होते, काकीचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ताभर तिच्या तोंडातून रक्त आणि लाळ माझ्या लुगड्यात झिरपत होती. पुढं मारणारा खोकत होता, मागं मार खाल्लेली कण्हत होती. दर खड्ड्याला दोघांचाही आवाज एकदमच यायचा.

दवाखान्यात हिंदुरावानं सांगितलं, "गोठ्यात म्हशीनं ढुशी दिली." बहिणीनं मुसळ घातलं हे पैलवानाच्या तोंडून कसं निघणार? काकीला कुणी मारलं हे मात्र मी सांगितलं, स्पष्ट. दवाखान्यानंच पोलिसांना कळवलं.

काकीला ऑपरेशनला नेलं. पुढचे दात गेले होते, मनगटाचे दोन तुकडे झाले होते, आणि डावा डोळा वाचला नाही.

हिंदुरावाच्या छातीचा फोटो काढला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्या मी मोडल्या होत्या, त्या मला दाखवल्याही. मग डॉक्टरांनी आणखी एक मोठा फोटो काढायला लावला, मशिनीत आडवं घालून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टर हळिंगळे म्हणून बाई होत्या. सावळ्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले. हिंदुराव खुर्चीत वाकून बसला होता, शालनवहिनी त्याच्या मागं, मी दाराशी. माझ्या गळ्यावर त्याच्या बोटांचे निळे वळ होते. डॉक्टरीणबाईंनी ते बघितले, पण काही विचारलं नाही.

"खोकल्यातून रक्त कधीपासून पडतंय?" त्यांनी विचारलं.

"काल पडलं. म्हशीनं..."

"बरगडी मोडल्यामुळंही पडू शकतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय. त्याच्या आधी?"

शालनवहिनी म्हणाली, "न्हाई वो, कवाच न्हाई."

"तुम्ही सांगा," त्या हिंदुरावालाच म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली. "दिवाळीपास्नं," तो म्हणाला. "रानात गेलो की खोकायचो. पटक्याच्या टोकाला पुसायचो आन् पाटात धुऊन टाकायचो."

मला परसातला तो तळहात आठवला. त्याला ते रक्त ओळखीचंच होतं. आप्पा घरात खोकत मरत होता, तेव्हा हा रानात जाऊन लपून खोकत होता. आता आपली पाळी, हे त्याला ठाऊक होतं. काकीच्या अंगावर तो गेला तो मेलेल्यांचा सूड घ्यायला नव्हेच. स्वतःचा जीव तिच्याकडून काढून घ्यायला गेला होता.

"उजव्या बाजूला वर एक गाठ दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोडलेल्या बरगड्यांशी तिचा काही संबंध नाही. तपासायला तुकडा काढावा लागेल. आता मला एक सांगा, आणि नीट आठवून सांगा. तुमच्या घरात आणखी कुणाला छातीचा असा आजार झाला होता?"

हिंदुरावानं वर बघितलं. मग तो म्हणाला, "आज्जाला."

"आईचे की वडिलांचे वडील?"

"वडलांचं." तो थांबला. "आण्णास्नी. मग तात्याला. आन् आता आप्पाला."

तीच नावं. त्याच क्रमानं. आदल्या दुपारी त्यानं दांडा वर नेऊन म्हटली होती, अगदी तशीच. फरक इतकाच, की आता प्रत्येक नावाला डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या.

"चौघंही एकाच रक्ताचे," त्या म्हणाल्या. "ते नक्की कशानं गेले हे आता मी ठामपणे सांगू शकणार नाही, तपासण्याच झाल्या नाहीत. पण तुम्ही सांगताय त्यावरून मला फुप्फुसाच्या कॅन्सरची शंका येते. आई-वडील, भावंडं यांना तो झाला असेल तर पुढच्यांना धोका वाढतो. होतोच असं नाही, पण इतरांपेक्षा जास्त."

"आमच्या घरात विडी कुनी वडत न्हाई," हिंदुराव म्हणाला. हे त्यानं असं म्हटलं, की जणू यावर त्यांना काही बोलताच येऊ नये.

"विडी न ओढणाऱ्यांनाही होतो. काही रक्तातून येतं, काही एकाच घरात राहून, एकाच चुलीचा धूर घेऊन येतं. नेमकं किती कशानं, ते आम्हालाही कळत नाही."

"मंजे..." त्यानं डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. "मंजे बाहेरनं कुनी घातलेलं न्हवं?"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. खालच्या मजल्यावर कोण पडलंय आणि कशामुळं, हे त्यांना एव्हाना कळलंच होतं.

"खाली ज्या आजी आहेत, त्या तुमच्या कोण?"

"चुलती."

"म्हणजे लग्न होऊन या घरात आलेल्या. तुमच्या रक्ताच्या नव्हेत."

"न्हाई."

"मग हे रक्तातून आलं असेल, तर तुमच्या घरात या आजाराला सगळ्यांत परक्या त्याच आहेत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण का? तुमचीही छाती आज तपासून घेऊ."

मुसळ उचलताना मी घाबरले नव्हते, जीपपुढं बसताना घाबरले नव्हते. त्या खोलीत घाबरले. माझ्या छातीत त्या दिवशी काही सापडलं नाही. पण तेव्हापासून दरवर्षी मी जाते, आणि दरवर्षी फोटो हातात येईपर्यंत मला पाणी गोड लागत नाही.

तुकडा तपासून आला. कॅन्सरच होता. पण गाठ जिथल्या तिथं होती, पसरलेली नव्हती. काढता येईल म्हणाले.

हिंदुरावाला ऑपरेशनला आत नेलं त्या सकाळी पोलीस माझा जबाब घ्यायला आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून मी सगळं सांगितलं. देवरुषी, दांडा, दात, डोळा. मी मुसळ घातलं तेही सांगितलं. हवालदार उठून गेले तशी शालनवहिनी माझ्यासमोर आली आणि काही न बोलता माझ्या कानाखाली ठेवून दिली. कानात घंटा वाजली.

"नवरा माझा टेबलावर कापायला घातलाय," ती म्हणाली, "आन् तू त्याला फासावर चढवाय बसलीस? भैन हाईस का वैरीण?"

मी तिला परत मारलं नाही. तिचं बरोबर होतं की नाही, याचा विचार मला आजही करवत नाही. मी एवढंच म्हणाले, "वैनी, डोळं मिटून हुभी हुतीस तू. मी बघितलंय."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मी काकीकडं गेले. डोळ्यावर आणि हनुवटीभोवती पट्ट्या, हात प्लास्टरमध्ये. तिचे शब्द पुढच्या दातांच्या फटीतून हवेसारखे निसटायचे.

"हिंदूला काय निघालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. रक्ताचं, घराण्याचं, सगळं.

"तुमच्या आण्णाचं आदी पाठीत दुखायचं," ती म्हणाली. "मी तेल चोळायची. आत असलं काय असंल, कुनाला ठावं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पोलीस आल्यात न्हवं? बोलीव त्यास्नी."

"काकी, तो आत्ता आत हाय. उद्या सांगितलंस तरी चालंल."

"तो आजारी हाय म्हनून मी जिन्यावरनं पडली म्हनू?" तिचा एक डोळा माझ्यावर रोखलेला होता. "माझ्या तोंडाकडं बघ की माला. हे काय आजारानं केलंय?"

तिनं स्वतःच्या तोंडानं जबाब दिला. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही.

ती बरी झाली तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं तीच म्हणाली. सासरी काय म्हणतील याची मला धाकधूक होती. पण आमच्या मालकांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाले, "या आत. खोली झाडून ठेवलीय." माझ्या सासूबाई मात्र पहिले काही महिने तिच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. त्यांना ताप आला आणि काकीनं रात्रंदिवस उशाला बसून त्यांना उठवलं, तेव्हा कुठं ते थांबलं.

कोर्टात केस उभी राहिली. जादूटोण्याविरुद्धचा कायदा तेव्हा नवाच आलेला होता, त्यामुळं जानबाही आत गेला. भावकीनं वकील दिला होता. त्यानं मला उभं-आडवं विचारलं. जमिनीत वाटा मागता म्हणून भावाला अडकवता का, असं विचारलं. म्हातारीला दिसत नव्हतं, ती पायरीवरून पडली, असं माझ्याकडून वदवून घ्यायला बघत होता. मी ज्या मुसळानं मारलं ते किती जड होतं, मला राग येतो का, मला वेड आहे का. मी घामानं भिजले होते. इतक्यात मागून आवाज आला.

"तिला खोटं पाडू नगा."

हिंदुराव आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. ऑपरेशननंतर त्याचा एक खांदा खाली आला होता, शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसायचा.

"ती सांगतीय ते खरं हाय," तो म्हणाला. "म्या मारलंय काकीला. दात पाडायसाठनं मारलं."

वकील हातातली फाईल टाकून खाली बसला. हिंदुरावाला शिक्षा झाली आणि तो कळंब्याच्या तुरुंगात गेला. तिथूनच त्याला तपासणीला दवाखान्यात नेत. गाठ पुन्हा आली नाही.

काकीनं त्याच्याबद्दल कधी विचारलं नाही. पण शालनवहिनीचा फोन आला की ती हातातलं काम थांबवायची, आणि फोन ठेवला की पुन्हा कामाला लागायची. वहिनी आणि मी हळूहळू बोलायला लागलो होतो. तिच्याकडूनच मला कळायचं, की धैर्यशील, म्हणजे हिंदुरावाचा एकुलता मुलगा, बाप आत गेल्यापासून कुणाचं ऐकत नाही, स्टँडवर पोरांच्यात उभा असतो, सिगारेट ओढतो. घरात असेल तर काकीला हे सगळं ऐकू जायचं.

सुटल्यावर काही दिवसांनी हिंदुराव आमच्याकडं आला. ऊन चढलं होतं. काकी सोप्यात बसून ज्वारी पाखडत होती. मी दारात होते. त्यानं अंगणात चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पायरीखालीच उभा राहिला. केस पांढरे झाले होते. इतकी वर्षं गेली, तरी हात लपवावे तसे त्यानं ते पाठीमागं धरले होते.

काकीनं सूप खाली ठेवलं. तिच्या डाव्या डोळ्याच्या जागी खळगा होता. तिनं उजव्या डोळ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काकी," तो म्हणाला, "पाया पडाय आलोय."

"पडू नगंस."

तो तिथंच खाली बसायला लागला.

"बसू नगंस," ती म्हणाली.

तो पुन्हा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते त्यानं पुसलंही नाही. मला वाटलं, आता ती त्याला शिव्या देईल. नाहीतर जवळ घेईल. दोन्हीपैकी काहीतरी झालं तर बरं, असं मला होऊन गेलं होतं.

"धैर्या सिगारेट वडतोय म्हनं," काकी म्हणाली. "खरं हाय?"

हिंदुरावानं मान हलवली. "व्हय."

"डाक्टरनी काय सांगितलं हुतं?"

काकीनं सूप हातानं बाजूला सारलं.

"तुझा बाप माझ्या हातावर गेला. तुझा चुलता गेला, भाऊ गेला. त्यातल्या एकानंबी कवा विडीला हात लावला न्हवता. आन् ह्यो पोरगा वरनं धूर वडतोय. आन् तू बाप असून हितं माझ्या पाया पडाय आलाईस?" तिचा आवाज चढत गेला. इतक्या वर्षांत मी तिला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला काय करायचंय तुझं पाया पडून? माझा डोळा माघारी येनार हाय? जा की! त्याच्याकडं जा! त्याची छाती दाखिव डाक्टरला! आनि पुन्यांदा कुनाच्या उशाशी बसायची ताकद न्हाई माझ्यात, कळलं?"

ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

हिंदुराव बंद दाराकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. तो वळला आणि झपझप चालायला लागला, जवळजवळ पळतच, नांदरगीची गाडी सुटायच्या आत स्टँड गाठायचा असावा तसा. अनवाणीच. उन्हानं रस्ता तापला होता, ते त्याच्या लक्षातही आलं नसावं.

मी दारावर थाप मारली. "काकी, गेला तो. दार उघड."

दार काही उघडलं नाही. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"माला, त्येच्या चपला आत घे. कुत्रं न्हील."